कर्नलची निवड कोण करितो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची नेहमींची देखभाल थांबविली. तेव्हांपासून पालकवर्गापैकीं कित्येकांनीं आम्हांस एकच प्रश्न केला आहे : घरांतील आठ-दहा वर्षांचा संगणक आतां भंगारवाल्याच्या कांट्यावर घालावा काय? नवें विंडोज त्यावर चढत नाहीं. नवें यंत्र घेण्यास हातीं पैसा नाहीं. आणि मुलाचें दहावीचें वर्ष तर उंबरठ्याशीं येऊन ठेपलें आहे. अशा यंत्रावर लिनक्स घालून पाहावें, असें आम्ही सुचवितों. लिनक्सच्या अनेक वितरणांपैकीं डेबियन हें एक जुनें व भरंवशाचें वितरण असून त्यास मोल पडत नाहीं. १९९३ सालीं इयान मरडॉक यांनीं तें सुरू केलें, व आज देशोदेशींचे स्वयंसेवक तें चालवीत आहेत.

ही सूचना ज्या विद्यार्थ्यांनीं मनावर घेतली, त्यांनीं परत येऊन आम्हांस जें विचारिलें त्याचें उत्तर देण्यासाठीं हा लेख आहे. डेबियन संगणकावर बसविणारा जो प्रोग्रॅम, ज्यास इन्स्टॉलर म्हणतात, तो आपणांस पुष्कळ प्रश्न विचारितो. भाषा कोणती, देश कोणता, कळफलक कोणता, यंत्रास नांव काय द्यावें, परवलीचा शब्द काय, डिस्कचे भाग कसे पाडावे, असे ते प्रश्न असतात. परंतु ज्यावांचून यंत्र जागेंच व्हावयाचें नाहीं, तो कर्नल कोणता घालावा, हें मात्र तो सहसा विचारीत नाहीं. मग तें ठरवितो कोण? आणि त्याचा निर्णय चुकला तर काय होतें?

काय होतें तें आधीं सांगतों, कारण तें थोडक्यांत सांगतां येतें. बसविण्याचें काम शेवटपर्यंत निर्वेध पार पडतें. इन्स्टॉलर काम संपल्याचें सांगतो. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतें. आणि काळ्या पडद्यावर एखादी ओळ उमटून तेथेंच थांबतें. जुनें विंडोज तर तोंपर्यंत पुसलें गेलेलें असतें. घरांत एकच यंत्र असलें म्हणजे ही गोष्ट लहान नव्हे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. बदामाच्या कवचांतील गरास इंग्रजींत जो शब्द आहे तोच हा. (फौजेंतील कर्नलाशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं, इंग्रजी स्पेलिंगही निराळें आहे. उच्चार मात्र एकच, त्यास आमचा इलाज नाहीं.) स्मृति कोणत्या प्रोग्रॅमास किती द्यावी, डिस्कवर कोणी केव्हां लिहावें, कळ दाबली तर ती कोणाकडे पोंचवावी, हीं सर्व कामें कर्नल करितो. लिनक्स हें नांव खरें पाहतां ह्या गाभ्याचेंच आहे; १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें तो लिहावयास घेतला. त्याभोवतीं हजारों प्रोग्रॅम जमवून, प्रत्येकाचा एक गठ्ठा बांधून, ते नीट लावून देणें हें डेबियनसारख्या वितरणाचें काम. अशा गठ्ठ्यास पॅकेज म्हणतात. कर्नलही पॅकेजाच्या रूपानेंच येतो.

आतां एकच कर्नल सर्वांस कां चालत नाहीं? कर्नल मुळांत माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलेला असतो. परंतु यंत्राच्या हातीं देण्यापूर्वीं तो प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवावा लागतो. इंटेल कंपनीचा ३८६ हा प्रोसेसर १९८५ सालचा, ४८६ हा १९८९ चा, पेंटियम १९९३ चा, आणि पेंटियम प्रो १९९५ चा. ह्या घराण्यांतील प्रत्येक पिढीस मागील पिढीच्या आज्ञा समजतात, व शिवाय कांहीं नव्या समजतात. पुढें २००३ सालीं एएमडी कंपनीनें ह्याच घराण्यास ६४ बिटांचें रूप दिलें. आजोबांची बोली नातवास कळते, पण नातवाचे नवे शब्द आजोबांस कळत नाहींत, तसाच हा प्रकार आहे. ४८६ साठीं उतरविलेला कर्नल पेंटियमवर सुखानें चालेल. पेंटियम प्रोसाठीं उतरविलेला कर्नल ४८६ वर घातला, तर अनोळखी आज्ञा पुढें येतांच प्रोसेसर अडून बसेल.

चाणाक्ष विद्यार्थी येथेंच विचारील, कीं मग सर्वांस आजोबांचाच कर्नल कां देऊं नये? देतां येईल, पण त्यांत तोटा आहे. ३२ बिटांच्या पत्त्यानें स्मृतीचीं ४,२९,४९,६७,२९६ घरें मोजतां येतात, म्हणजे चार गिगाबाइट. यंत्रांत आठ गिगाबाइट असले, तर वरचे चार असून नसल्यासारखे होतात. पेंटियम प्रोपासून पत्ता ३६ बिटांचा करण्याची एक युक्ति आली. तिला पीएई असें म्हणतात, व तिच्या योगें ६४ गिगाबाइटपर्यंत मजल जाते. परंतु ती युक्ति वापरणारा कर्नल, ती न जाणणाऱ्या प्रोसेसरवर सुरूच होत नाहीं. तेव्हां दोन्ही बाजूंनीं चूक होऊं शकते. कर्नल फार जुना निवडला तर यंत्र आपल्या शक्तीपेक्षां कमी काम करितें. फार नवा निवडला तर मुळींच काम करीत नाहीं. ह्या दोन चुका सारख्या वजनाच्या नाहींत, आणि इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेविलें होतें, असें त्यांची रचना पाहून आम्हांस वाटतें.

येथें एक गमतीची अडचण आहे. इन्स्टॉलर हाही एक प्रोग्रॅमच. त्यास चालावयास स्वतःचा कर्नल हवा. तो कोणी निवडला? तो निवडलेलाच नसतो. पेनड्राइव्हवर किंवा डीव्हीडीवर तो आधींच भरून आलेला असतो. बाहेरगांवचा वैद्य ज्याप्रमाणें आपली पिशवी घेऊन येतो, त्याप्रमाणें हा मुक्कामापुरता कर्नल घेऊन इन्स्टॉलर आपल्या यंत्रांत उतरतो, आणि त्याच्याच डोळ्यांनीं यंत्राची परीक्षा करितो. म्हणून तो सर्वांस चालेल असाच द्यावा लागतो. ३२ बिटांच्या यंत्रांसाठीं डेबियनचा इन्स्टॉलर कित्येक वर्षें ४८६ चाच कर्नल घेऊन येत असे, तो ह्याच कारणानें.

ह्यावरून हेंही उघड होतें कीं पहिली निवड इन्स्टॉलर करीतच नाहीं. ती आपण करितों. ३२ बिटांची प्रत उतरवून घ्यावी कीं ६४ बिटांची, हें आपणच ठरवितों. ६४ बिटांची प्रत केवळ ३२ बिट जाणणाऱ्या यंत्रांत घातली, तर कर्नलच्या आरंभींच एक छोटीशी तपासणी असते, ती प्रोसेसर ओळखते, ह्यास ६४ बिटांचा प्रोसेसर लागतो असा मजकूर पडद्यावर लिहिते, आणि थांबते. निराश होण्याचें कारण नाहीं. डिस्कला अद्याप हात लागलेला नसतो, व जुनें सर्व कांहीं जागच्या जागीं असतें.

प्रत बरोबर असली म्हणजे मग खरी परीक्षा सुरू होते. हल्लींचा इन्स्टॉलर डेबियनच्या ३.१ ह्या आवृत्तीबरोबर २००५ सालीं आला. त्यांतील जो भाग मूळ सिस्टिम डिस्कवर मांडतो, त्याचें नांव बेस-इन्स्टॉलर. त्यांत प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठीं एक लहानशी स्क्रिप्ट असते. ती साध्या शेलच्या भाषेंत लिहिलेली आहे; आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस ती वाचतां येईल, आणि त्यांनीं ती अवश्य वाचावी. स्क्रिप्ट प्रथम ‘सीपीयूइन्फो’ नांवाची एक फाईल उघडते. ही फाईल डिस्कवर कोठेंच नसते. कोणी ती वाचावयास गेलें कीं कर्नल त्या क्षणीं प्रोसेसरास विचारून ती लिहून देतो. तींत बनविणाऱ्याचें बारा अक्षरी इंग्रजी नांव असतें, मग कुळाचा आंकडा, मग त्या कुळांतील नमुन्याचा आंकडा, आणि शेवटीं ‘फ्लॅग्ज’ ह्या ओळींत त्या प्रोसेसरास येणाऱ्या विद्यांची लांबलचक यादी.

नांव ‘जेन्युइन इंटेल’ असून कूळ ६ किंवा १५ असेल, तर ६८६ जातीचा कर्नल. कूळ ५ असेल, तर त्याहून खालचा. इथपर्यंत काम सोपें आहे. पण कुळाच्या आंकड्यावर सर्वस्वीं विसंबून चालत नाहीं, हें व्हिया कंपनीच्या सी३ ह्या प्रोसेसरानें दाखवून दिलें. स्वस्त व थंड चालणारा हा प्रोसेसर एके काळीं लहान यंत्रांत पुष्कळ दिसे. तो आपलें कूळ ६ असें सांगे, आणि तें खोटें म्हणतां येत नाहीं. परंतु ‘अट खरी असेल तरच हा आंकडा तिकडे ने’ ही जी आज्ञा ६८६ च्या कर्नलांत व प्रोग्रॅमांत जागोजाग येते, ती त्याच्या आरंभींच्या नमुन्यांस ठाऊक नव्हती. कूळ पाहून ६८६ चा कर्नल दिला, कीं यंत्र मेल्यासारखें पडे. म्हणून ‘सेंटॉरहॉल्स’ हें नांव दिसतांच (त्या प्रोसेसराची ही बारा अक्षरें) स्क्रिप्ट केवळ कुळावर न थांबतां नमुन्याचा आंकडाही पाही. ९ किंवा त्याहून मोठा असेल तरच ६८६, नाहीं तर मुकाट्यानें ४८६. अशा एकेका ओळीमागें कोणाच्या तरी घरीं अडलेलें यंत्र असावें, असें ती स्क्रिप्ट वाचतांना आमच्या मनांत येतें.

ह्याच्या अगदीं उलट प्रकार इंटेलच्या पेंटियम एम ह्या लॅपटॉपांतील प्रोसेसराचा. २००३ सालच्या त्याच्या पहिल्या नमुन्यांस पीएईची युक्ति येत होती. पण विद्यांच्या यादींत तिचें नांवच नव्हतें! येणारी गोष्ट न सांगणारे विद्यार्थी आमच्या वर्गांतही असतात. डेबियनच्या ७ व्या आवृत्तींत, म्हणजे २०१३ सालीं, ३२ बिटांसाठीं दोनच कर्नल उरले होते : पीएई वापरणारा ६८६, आणि साधा ४८६. यादींत पीएई दिसली नाहीं, तर अशा लॅपटॉपास ४८६ चा कर्नल मिळे, व तो सुरू होई. त्याच सुमारास, २०१२ च्या ऑक्टोबरांत, उबुंटु ह्या दुसऱ्या वितरणानें आपल्या १२.१० ह्या आवृत्तींत पीएई नसलेला कर्नल अजिबात सोडून दिला, आणि हे लॅपटॉप बाहेर राहिले. पुढें २०१४ सालीं कर्नलमध्यें ‘फोर्सपीएई’ असा एक शब्द आला. सुरू करतांना तो लिहिला असतां, यादी कांहीं म्हणो, ही विद्या तुला येते असें धरून चाल, असा हुकूम कर्नलास मिळतो. हा शब्द कामाचा आहे. पण तो ज्यास ठाऊक आहे त्यासच उपयोगी. ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्यासाठीं डेबियनची सावधगिरीच बरी होती, असें आमचें मत आहे.

परीक्षा झाली म्हणजे स्क्रिप्ट एकच नांव सांगून मोकळी होत नाहीं. ती पसंतीच्या क्रमानें नांवें सांगते : हा असेल तर हा, नसेल तर तो. दुसरीकडे इन्स्टॉलर ज्या ठिकाणाहून पॅकेजें घेत आहे, मग ती डीव्हीडी असो कीं इंटरनेटवरील भांडार असो, तेथें खरोखर कोणते कर्नल आहेत ह्याची यादी तो करितो. दोन्ही याद्या ताडून पाहून पहिला जो जुळेल तो घ्यावयाचा. नव्या सिस्टिममध्यें तो उतरवून त्याची प्रतिष्ठापना करावयाची. प्रश्न न विचारण्याचें कारणही येथेंच आहे. इन्स्टॉलरांतील प्रत्येक प्रश्नास महत्त्वाची एक पायरी ठरवून दिलेली असते. नेहमींच्या पद्धतींत वरच्या पायऱ्यांवरचेच प्रश्न पडद्यावर येतात, आणि ज्याचें उत्तर यंत्रास पाहूनच देतां येतें तो प्रश्न खालच्या पायरीवर ठेविलेला असतो. ‘एक्स्पर्ट’ पद्धत निवडली तर हा प्रश्नही समोर येतो, आणि योग्य कर्नलवर आधींच खूण केलेली दिसते. एकही कर्नल जुळला नाहीं, तर मात्र इन्स्टॉलर स्पष्ट इशारा देतो, कीं पुढें गेलांत तर यंत्र बहुधा सुरू होणार नाहीं. तेथें थांबावें, घाई करूं नये.

निवडलेल्या पॅकेजाचें नांव पाहिलें तर आणखी एक गोष्ट ध्यानांत येईल. ६४ बिटांच्या यंत्रावर तें ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ असें असतें. प्रोसेसर इंटेलचा असला तरीही, कारण हें रूप प्रथम एएमडीनें काढलें. ह्या नांवांत आवृत्तीचा आंकडा नाहीं. पॅकेज उघडून पाहावें तर आंत कर्नलही नाहीं! त्यांत एवढीच नोंद असते, कीं सध्यां अमुक आंकड्याचा कर्नल आणावा. शाळेस पत्र लिहितांना आपण ‘मुख्याध्यापक यांस’ असें लिहितों. व्यक्ति बदलली तरी पत्र योग्य जागीं पोंचतें. तसेंच हें आहे. डेबियनच्या १२ व्या आवृत्तींत ती नोंद ६.१ ह्या कर्नलकडे बोट दाखविते, १३ व्या आवृत्तींत ६.१२ कडे, आणि एखाद्या दोषाची दुरुस्ती निघाली कीं नोंद बदलते व नवा कर्नल आपोआप घरीं येतो. इन्स्टॉलरनें आंकड्यासह नांव निवडलें असतें, तर यंत्र त्या दिवसाच्या कर्नलवरच अडकून राहिलें असतें.

कर्नल डिस्कवर पोंचला तरी त्यास डिस्क वाचतां आली पाहिजे, आणि डिस्क वाचण्याची विद्या तर डिस्कवरच ठेविलेली. हा पेंच सोडविण्यासाठीं कर्नलबरोबर आवश्यक विद्यांची एक लहान पोतडी स्मृतींत चढवितात. तिला इनिट्रॅमएफएस असें नांव आहे. एक्स्पर्ट पद्धतींत इन्स्टॉलर विचारितो, कीं पोतडींत सर्व यंत्रांस चालतील अशा किल्ल्यांचा सबंध जुडगा ठेवूं, कीं ह्याच यंत्राच्या तेवढ्या ठेवूं? सबंध जुडगाच घ्यावा. पोतडी थोडी जड होते खरी. पण उद्यां हें यंत्र बिघडलें व त्याची डिस्क काढून दुसऱ्यांत बसविली, तर ती तेथें उघडेल.

२००५ सालच्या आवृत्तींत ३२ बिटांसाठीं अनेक कर्नल होते. एका प्रोसेसराच्या यंत्रास वेगळा आणि दोन प्रोसेसरांच्या यंत्रास वेगळा, अशी विभागणी होती. ती पुढें २००७ च्या आवृत्तींत गेली, कारण तोंपर्यंत कर्नल सुरू होतांना प्रोसेसर मोजून आपल्याच आज्ञांत त्याप्रमाणें दुरुस्ती करावयास शिकला होता. म्हणजे जी निवड पूर्वीं इन्स्टॉलर करी, त्यांतील बरीच आतां कर्नल स्वतः करितो. ६४ बिटांच्या साध्या यंत्रापुरती स्क्रिप्टला आज जवळजवळ एकच नांव सांगावयाचें असतें.

दुसऱ्या टोंकास मात्र यादी आंखूड होतांना माणसें बाहेर पडतात. रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळच्या खैरात ह्या गांवीं सरकारी शाळेंत २००७ सालीं ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ह्या संस्थेच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपांचा प्रयोग झाला होता. त्यांची स्वतःची निराळी लिनक्स सिस्टिम असे. त्यांत एएमडीचा जिओड एलएक्स हा प्रोसेसर होता, व तोच प्रोसेसर इतर लहान यंत्रांतही असे. २०२३ च्या जूनमध्यें आलेल्या डेबियन १२ नें ह्या प्रोसेसरास निरोप दिला. कारण काय म्हणाल, तर एक आज्ञा त्यास कळत नाहीं. आणि त्या आज्ञेचा अर्थ ‘कांहीं करूं नकोस’ असा आहे. आज्ञांच्या ओळींत मधली जागा भरून काढण्यासाठीं ती घालतात. तिचें आंखूड रूप जिओडला कळतें, लांब रूप कळत नाहीं. एवढ्यावरून तो बाहेर. ऑगस्ट २०२५ मध्यें आलेल्या डेबियन १३ मध्यें तर ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांसाठीं कर्नलही नाहीं आणि इन्स्टॉलरही नाहीं.

म्हणून घरच्या यंत्राचें कूळ पालकांनीं आधींच पाहून घ्यावें. विंडोज अद्याप सुरू होत असेल, तर सेटिंग्जमध्यें ‘सिस्टिम’ व त्याखालीं ‘अबाउट’ हें पान उघडावें, व तेथें ‘सिस्टिम टाइप’ ही ओळ वाचावी. कित्येक यंत्रांत ती ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ अशी आढळते. ह्यांतील पहिले शब्द वाचून यंत्र गेलेंच असें समजूं नये; ते विंडोजविषयीं आहेत, आणि तें तर आपण काढणारच आहों. स्वल्पविरामानंतरचे शब्द पाहावे. तेथें ‘एक्स६४’ असेल, तर फायली दुसरीकडे उतरवून ठेवून ६४ बिटांची प्रत निर्धास्तपणें घ्यावी.